सेमीफायनलला दंडावर काळी टेप लावली. फायनलला लावू का?

वाइंडिंगवाला
गावाचं नाव घालत नाही, ओळखणारे ओळखतील. बेळगावच्या दक्षिणेचा भातपट्टा. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि गावच्या टेनिस बॉल टीमचा मी कॅप्टन. वय ३४, म्हणजे खरं तर आता अंपायरचा पांढरा कोट घालायचं वय.

सुगी झाली की आमच्याकडं टुर्नामेंटांचा सीझन. यंदा एकानं मसूर पेरला नाही, त्याच्या शेतात रोलर फिरवून पीच केलंय. सेमीफायनल आली १७ जानेवारीला. बाहेरच्यांसाठी सांगतो: १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घालणार हे कळल्यावर लोक रस्त्यावर उतरले, १७ जानेवारीला गोळीबार झाला, माणसं गेली. दर साली आम्ही हुतात्मा चौकात फुलं वाहायला जातो. त्या दिवशीही मी आणि आमचा कीपर सकाळी जाऊन आलो. दुकान उघडलं नाही.

मैदानावर पॅड बांधता बांधता कीपर म्हणाला, "आज दंडाला काळं कायतरी बांधूया गा." फीत कुणाकडं असणार? माझ्या बॅगेत इन्सुलेशन टेपचा रोल कायम असतो, बॅटच्या मुठीला लागतो. दातानं तोडून तोडून अकरा जणांना लावली. अकरावा आमचा डावखुरा बॉलर. पोरगा मूळचा बैलहोंगलकडचा, घरात कन्नड. वडलांची नोकरी इकडं म्हणून नऊ वर्षं आमच्या गल्लीत भाड्यानं राहतात. आमच्याशी मराठी आमच्यापेक्षा बरी बोलतो, शिव्या तेवढ्या कन्नड. बाकीच्यांनी दंड पुढं केला तसा त्यानंही केला. मी लावली. चार सेकंदांचं काम.

ठरलं होतं ते एवढंच की गप खेळायचं. घोषणा नाही, भाषण नाही. शोक आहे म्हणून टेप. खरं माइकवरचा कॉमेंट्रीवाला (एरवी हा माणूस प्रत्येक चौक्याला शेर म्हणतो) ओरडला, "यजमान संघ निषेध नोंदवत मैदानात उतरतोय!" निषेध हा शब्द त्यानं घातला, आम्ही नाही. मग काय. लिंबाखालून सुरू झालं, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" समोरची टीम पलीकडल्या तालुक्यातली, मराठी-कन्नड मिश्र. त्यांच्या ट्रॅक्टरवरनं आधी शिट्ट्या, मग उलट घोषणा. दहा मिनिटं खेळ बंद. आयोजकांपैकी एक जण पळत आला, "टेप काढ, पोलीस आले तर परवानगी जाईल." मी म्हटलं, काढत नाही. कॅप्टन म्हणून इतकं ताठ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, छाती जरा फुगलीच.

मॅच आम्ही मारली. शेवटच्या ओव्हरला त्यांना ११ पाहिजे होते, बॉल डावखुऱ्याच्या हातात. दोन विकेटी काढल्या, सहा रन दिले. पोरांनी खांद्यावर घेतलं. फोटो निघाला: हात वर, दंडावर काळी टेप अगदी स्वच्छ दिसते. संध्याकाळी तो फोटो ज्याच्या त्याच्या स्टेटसला. कुणीतरी खाली लिहिलं, "सीमाभागाचा वाघ." त्या वाघाच्या काकानं बैलहोंगलात तो बघितला.

आता पोरगं नेटला येत नाही. फोन केला तर म्हणतो, "बिडलेपा कॅप्टन." म्हणजे सोड रे. त्याचे वडील वाटेत भेटले की आधी हात करायचे, आता स्कूटर सरळ जाते. इकडं मला गावात चहाचे पैसे कोण घेत नाही. आणि आमचा एक म्हातारा प्रेक्षक आहे, प्रत्येक मॅच सायकलीवर एक पाय टेकून बघतो, कुठल्याच पार्टीत नाही. तो घोषणा सुरू झाल्या तसा निघून गेला. नंतर म्हणाला, "मी मॅच बघायला आल्तो रे."

रविवारी फायनल आहे. निम्मी पोरं म्हणतात टेप लावायचीच, आता काढली तर भ्यालो म्हणतील. मला सांगा, लावू का नको? आणि प्रेक्षक भडकले तर तो दोष खेळाडूचा का?

मिडऑफ_कॅम्प
कॅप्टन, तुम्हाला माहीत आहे की नाही कल्पना नाही, पण क्रिकेटमध्ये काळी टेप तुमच्या आधी लागून गेली आहे. १० फेब्रुवारी २००३, हरारे, वर्ल्ड कप, झिम्बाब्वे विरुद्ध नामिबिया. अँडी फ्लॉवर आणि हेन्री ओलोंगा. शिवलेली फीत नव्हती, टेपच होती. त्यांच्या देशात मुगाबेंचं राज्य, आणि या दोघांनी लेखी निवेदनात सांगितलं की आमच्या लाडक्या झिम्बाब्वेत लोकशाहीचा मृत्यू होतोय, त्याचा हा शोक आहे. एक गोरा, एक काळा. ओलोंगा हा झिम्बाब्वेकडून कसोटी खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, त्यामुळे ही फक्त गोऱ्यांची कुरकुर आहे असं म्हणायची सोय उरली नाही. त्याला धमक्या आल्या, देश सोडावा लागला, इंटरनॅशनल क्रिकेट त्या वर्ल्ड कपबरोबरच संपलं. फ्लॉवरचंही.

मी बँकेत होतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी काउंटरवर दिवसभर हाच विषय. आमच्यातला एक हेडकॅशियर म्हणाला, हे दोघे टीमचं वातावरण बिघडवतात. मला तेव्हा ते पटलं होतं हे कबूल करतो.

आता तुमच्या प्रकरणात फरक बघा. त्या दोघांनी टीमला ओढलं नाही. दोन दंड, दोन सह्या. आणि मॅच सुरू व्हायच्या आधी कागद पत्रकारांच्या हातात, त्यामुळे कॉमेंट्रीवाल्याला स्वतःचा शब्द घालायला जागाच नव्हती. तुम्ही तोंड बंद ठेवलंत ते चांगलं दिसतं, पण गप्प माणसाच्या तोंडात कुणीही काहीही घालतो.

आयसीसीकडे न्याय मागायच्या भानगडीत मात्र पडू नका, तिथला हिशोब मला आजवर लागला नाही. मार्च २०१९ ला पुलवामानंतर आपली टीम रांचीत लष्करी टोप्या घालून खेळली, परवानगी मिळाली. (मॅच आपण हरलो, कोहलीची सेंच्युरी वाया.) जूनमध्ये धोनीच्या ग्लोव्हजवरचं पॅरा कमांडोंचं बलिदान चिन्ह मात्र काढायला लावलं. २०२३ च्या डिसेंबरात पर्थला ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला गाझाच्या युद्धावरून बुटांवर "सर्व जीव समान" अशा अर्थाचं लिहून खेळायचं होतं, तेही नाही. मग त्यानं काळी पट्टी बांधली, तर ठपका. टोपीला टाळ्या वाजवणारे आपण, बुटाला "खेळात राजकारण नको" म्हणणारेही आपणच. मी दोन्ही वेळा कुठल्या बाजूला होतो ते बायकोला विचारा.

पावशेर_कुंदा
सरळ सांगतो, राग मानू नका. एक नोव्हेंबरचा काळा दिन आहे, हुतात्मा चौक आहे, महाराष्ट्र एकीकरण समितीची फेरी आहे, सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा आहे. एवढ्या जागा असताना क्रिकेटचं शेत कशाला? आम्ही दिवसाला शंभर रुपयांचं पेट्रोल जाळून येतो ते चार तास हे सगळं विसरायला. दुकानावर पाटी कुठल्या भाषेत, फॉर्म कुठल्या भाषेत, कोगनोळीच्या सीमेवरच्या नाक्याला बस अडवली का सोडली, हे आठवडाभर पुरतं. तुमच्या सायकलवाल्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांगा.

आणि परवानगी गेली असती तर पुढच्या वर्षी पोरं कुठं खेळली असती?

तांबडी_माती
कुंदा, तुझं निम्मं बरोबर आहे. निम्मं ऐकून घे.

मी पंचवीस वर्षं लंगोट लावला. आनंदवाडीच्या आखाड्यात खेळलो, गावोगावच्या जत्रांची मैदानं केली. हलगी वाजायला लागली की पंजाबचा कोण आणि दावणगेरीचा कोण हे लोक विसरतात म्हणतात. विसरत नाहीत रे. चांगली पकड बसली की तेवढ्यापुरतं विसरतात, कुस्ती निकाली झाली की परत आठवतं. आणि राजकारण म्हणशील तर स्टेजवर बघ कोण बसलेत. जोड कोण लावतो? बक्षीस कोण देतो? इलेक्शनच्या साली बक्षिसाची रक्कम का वाढते? कॅप्टन, मला एक सांग, तुमच्या टीशर्टाच्या पाठीवर कुणाचा फोटो आहे? मी न बघता सांगतो, कुठल्यातरी पुढाऱ्याचा आहे, हात जोडलेला. पाठीवर वीतभर पुढारी चालतो, दंडावर दोन बोटं टेप चालत नाही. तेव्हा आयोजक पळत का आला नाही?

आता प्रेक्षकांचं. २०१६ ला साक्षी मलिकनं रिओत ब्रॉन्झ आणलं तेव्हा आमच्या तालमीत पेढे वाटले, भिंतीवर फोटो लागला. २०२३ ला तीच साक्षी, विनेश, बजरंग कुस्ती फेडरेशनच्या अध्यक्षावर लैंगिक छळाचे आरोप करून जंतरमंतरला बसले. मे महिन्यात पोलिसांनी उचललं, दोन दिवसांनी मेडलं गंगेत सोडायला हरिद्वारला गेले. त्याच तालमीत, त्याच फोटोखाली बसून माणसं म्हणूलालती, "हे जरा अतीच कराल्यात." तेच पेढे खाल्लेली तोंडं. मी वस्ताद म्हणून गप बसलो, कारण तालमीच्या पत्र्याचे पैसे यायचे होते. पत्रा आला. चांगला आहे, गळत नाही. माझ्याकडं तीन मुली शिकायला येतात, त्यातली एक तेव्हा बारा वर्षांची होती. तिनं विचारलं, "मामा, त्या चुकल्या काय?" मी म्हटलं, दंड काढ पन्नास.

लोक टाळी वाजवतील का शिट्टी, ह्याच्यावर मोजू नको. टेप लावायची तर लाव. खरं त्या बैलहोंगलच्या पोराला पुढं करून तू मागं राहिलास, ते मला आवडलं नाही. कॅप्टनचा दंड फोटोत कुठं आहे?

निपाणी_टू_दोहा
मी २०२२ ला कतारमध्ये कामाला होतो. २१ नोव्हेंबर, इराण-इंग्लंड, खलिफा स्टेडियम. मित्राकडून तिकीट मिळालं होतं. तिकडं इराणमध्ये बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यांच्या बाजूनं इराणचे खेळाडू राष्ट्रगीताला ओठ मिटून उभे राहिले. मला वाटलं आता टाळ्या पडतील. पण आधी शिट्ट्या आणि हुर्यो, आणि त्या खेळाडूंना नव्हत्या, स्वतःच्याच देशाच्या गीताला होत्या. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई रडत होती, तिच्या शेजारचा नवरा की भाऊ चिडून काहीतरी बोलत होता. ६-२ हरले. चार दिवसांनी वेल्सविरुद्ध गीत म्हटलं, अगदी पुटपुटत, आणि २-० जिंकले. तेव्हाही शिट्ट्या होत्याच, आता का म्हटलं म्हणून.

प्रेक्षक म्हणजे एक माणूस नव्हे, एवढंच मला कळलं. ट्रॅक्टरवरचे, लिंबाखालचे आणि सायकलवाले, तिघांना एकदम खूश करायला जाऊ नका.

खानापूर_पॅसेंजर
दादा, मी शाळेत पीटी शिकवते. त्याआधी ८०० मीटर पळायचे, कर्नाटकाच्या टीशर्टात, स्टेट लेव्हलला. घरी आजोबा समितीचे, काळ्या दिनाला चूल न पेटवणारे. मी मेडल घेऊन आले की ते मेडलाचा मुका घ्यायचे आणि टीशर्ट उलटा करून वाळत घालायचे, अक्षरं आत. मला दोन्ही समजायचं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून मला सगळ्यात आधी तुमचा अकरावा आठवला.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. २०० मीटर, अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस, काळे हातमोजे, मुठी वर, माना खाली. सगळे त्या दोन मुठींकडे बघतात. मी माझ्या मुलींना तिसरा माणूस दाखवते. दोन नंबरच्या पायरीवरचा गोरा, ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन. त्याची मूठ वर नाही, हात सरळ. पण छातीवर एक बिल्ला आहे, त्या दोघांच्या छातीवर आहे तोच, मानवी हक्कांच्या चळवळीचा. कार्लोस आपले हातमोजे गावात विसरून आला होता, तेव्हा एकच जोडी दोघांत वाटून घ्या ही युक्ती नॉर्मनची. नीट बघा, एकाचा उजवा हात वर आहे, दुसऱ्याचा डावा.

स्टेडियमनं हुर्यो केली. त्या दोघांना टीममधून काढून घरी पाठवलं. नॉर्मनवर बंदी अशी नाही आली, पण १९७२ च्या ऑलिंपिकला त्याला घेतलं नाही आणि मायदेशात त्याची कदर व्हायला फार उशीर झाला. त्याची त्या दिवशीची वेळ, २०.०६ सेकंद. हा ऑस्ट्रेलियाचा विक्रम २०२४ च्या डिसेंबरात मोडला, गाउट गाउट नावाच्या शाळकरी पोरानं, २०.०४. छप्पन्न वर्षं! २००६ ला नॉर्मन गेला तेव्हा स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्याला खांदा दिला. त्यांच्या पार्लमेंटनं माफी मागितली ती २०१२ ला.

आता माझा मुद्दा. नॉर्मनला त्या दोघांनी आधी विचारलं होतं. पोडियमवर जायच्या आधी. त्यानं होय म्हटलं आणि बिल्ला स्वतः मागून घेतला. मूठ वर करायचा आग्रह त्याला कुणी केला नाही, ती लढाई त्याची नव्हती. तो त्याच्या परीनं उभा राहिला. तुमच्या पोरानं दंड पुढं केला म्हणता, पण दहा जणांनी केल्यावर अकरावा काय करणार हो? मी तर शाळेत रोज बघते, पूर्ण वर्गानं हात वर केला की शेवटच्या बाकावरचा पण करतो, प्रश्न ऐकलेला नसला तरी.

मॅच झाल्यावर त्याला खांद्यावर घेतलंत. पण तो बैलहोंगलला काकाच्या दारात उभा असेल तेव्हा त्याच्या बाजूला कोण असेल ते बघा.

पावशेर_कुंदा
ताई, आजोबांचा टीशर्ट वाचून गप झालो. माझं मत तेच आहे, तरी गप झालो.

(टीशर्टावरच्या पुढाऱ्याचं तांबडी_माती बोलले ते बरोबर. आमच्या टीमच्या पाठीवर दोन आहेत, वेगवेगळ्या पक्षांचे. एकानं बॅटी दिल्या, एकानं जेवण.)

वाइंडिंगवाला
सगळ्यांचं वाचलं. तांबडी_माती मामा, टीशर्टावर फोटो आहे. हात जोडलेलाच आहे. तुम्ही न बघता सांगितलं म्हणून कीपर तासभर हसूलालता.

तीन दिवसांमागं रात्री पोराच्या घरी गेलो. चप्पल काढताना पाय जड झाले होते, खोटं कशाला बोलू. त्याच्या आईनं चहा ठेवला. वडील कोपऱ्यात पेपर घेऊन. मी म्हटलं, साहेब, चुकलं. ते बराच वेळ पेपरातच. मग मराठीतच बोलले, "तुम्ही त्याला बॉल देताना विचारता ना, कुठली फील्ड पाहिजे? स्लिप हवी का नको? ते सगळं तो घरी येऊन आम्हाला सांगतो. मग हे कसं नाही विचारलं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. चहा घेतला. पोरगं दारात उभं राहून बोटांनी दार सोलत होतं.

बाहेर सोडायला आला तेव्हा मी आता तरी विचारलं, त्या दिवशी तुला लावायची होती काय? तो म्हणाला, "माणसं मेली होती म्हणालास. मेलेल्यांसाठी लावली. घोषणेसाठी नाही." आणि रविवारी? म्हणाला, नाही. बॉल टाकतो, टेप नको.

मग ठरवलं ते असं. मी लावणार, एकटा. का लावतोय ते चार ओळींत लिहून टॉसच्या आधी कॉमेंट्रीवाल्याच्या हातात देणार, हेच वाच आणि शेर नको असं सांगून. बाकी कुणाला लावायची असेल तर रोल बॅगेत आहे, ज्याची त्यानं तोडून घ्यायची, मी कुणाच्या दंडाला हात लावणार नाही. कीपर चिडलाय. म्हणतो, टीम फोडलीस. दोन दिवस फोन उचलला नाही, आज दुकानावरनं मुकाट पंखा दुरुस्त करून घेऊन गेला, पैसे मात्र मोजून दिले. आमच्यात पैसे कधी मोजत नव्हते.

फायनल रविवारी साडेदहाला. येणार असाल तर गाड्या शाळेच्या मागं लावा. शेजारच्या शेतात घालू नका, तिथं मसूर आहे.